सासूबाई कुठे उतरल्या

विमानतळावर साऱ्या जगाला विमानांची आणि हवामानाची खबर जिथून देतात, त्या खोलीला खिडकी नाही. कोणा शहाण्याने नकाशा काढला होता, देव जाणे. सामानाच्या पट्ट्याच्या बरोबर डोक्यावर एक टेबल, एक खुर्ची, दोन पडदे, एक मायक्रोफोन आणि म्हाताऱ्या माणसासारखा कण्हणारा एसी, एवढाच तिथला संसार. बाहेर वादळाने झाडं मुळासकट उपटली तरी आतल्या बाईने ते पडद्यावर वाचायचं. या बाईला सगळे आवाजबाई म्हणत. तिला नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवायचं.

त्या दिवशी दुपारपासून पडद्यावर लाल अक्षरांशिवाय काही दिसत नव्हतं. आधी विमानांना उशीर झाला, मग आणखी उशीर, मग ती रद्द झाली. एक रद्द झालेलं विमान मध्येच पुन्हा चालू झालं, लोक उठून रांगेत उभे राहिले, आणि रांग पुढे सरकायच्या आत ते पुन्हा रद्द झालं. खाली हॉलमध्ये माणसं बॅगांवर बसली होती, बॅगांवर निजली होती, दोघं तर एका बॅगेवरून भांडत होते. आवाजबाईला असल्या गोंधळाची सवय होती. पण दुसऱ्याच्या घरचं भांडण भिंतीआडून ऐकणं वेगळं आणि भांडणात आपलंच माणूस असणं वेगळं. आज एका विमानात तिच्या सासूबाई होत्या.

त्या राहायला येत होत्या. आवाजबाईचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून सासूबाई लेकीकडे होत्या आणि सून आपल्या दोन खोल्यांत एकटी. नणंदेचं म्हणणं, आई इथेच बरी. तुझ्या कामाला ना वेळ ना काळ, तू काय बघणार तिच्याकडे? हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त बोचायचं. पण महिन्यापूर्वी सासूबाईंनी स्वतःच फोन केला.

"पंधरा दिवस येऊन बघते. जमलं तर राहीन," त्या म्हणाल्या. "पण न्यायला तू स्वतः यायचंस. टॅक्सीबिक्सी पाठवलीस तर त्याच पावली परत जाईन. सांगून ठेवते."

आणि फोन ठेवून दिला. सासूबाईंची ती रीतच होती. आपलं बोलणं झालं की फोन बंद करायचा आणि पर्सच्या तळाशी टाकायचा. समोरच्याचंही काही म्हणणं असू शकतं, ही शक्यता त्यांनी आयुष्यात विचारात घेतली नव्हती.

तरीही आवाजबाईला त्या हव्या होत्या, मनापासून हव्या होत्या. सेवा करून पुण्य कमवायची हौस तिला नव्हती. पण नवऱ्याबद्दल बोलायला तिच्याजवळ दुसरं माणूसच उरलं नव्हतं. कामावर त्याचा विषय निघाला की लोक घड्याळ बघायचे, मैत्रिणी म्हणायच्या, आता पुढे बघ. तो झोपेत हसायचा, हे ऐकून ज्याला नवल वाटणार नाही असं माणूस जगात एकच होतं, आणि ते आज या वादळात हवेत लटकलं होतं. तिने न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती, नवी उशी आणली होती, कामाची पाळी बदलून घेतली होती. पण तिच्या जागी येणारी मुलगी रस्ते बंद म्हणून घरीच अडकली, आणि खुर्ची काही सुटेना.

चार वाजायच्या सुमाराला सासूबाईंच्या विमानापुढे 'विलंब' गेलं आणि काहीच आलं नाही. नुसती रिकामी जागा. तिने नियंत्रण कक्षाला फोन केला, ते म्हणाले विमान कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली नियंत्रण कक्षाला विचारा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार. तेवढ्यात रिकाम्या जागेत एक शब्द उमटला: 'उतरले'.

आणि पाठोपाठ तिचा फोन वाजला.

"उतरले गं मी. ये," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन बंद.

आवाजबाईने शेजारच्या खोलीतल्या साहेबांना अक्षरशः हाताला धरून खुर्चीत बसवलं. "काही करायचं नाही, नुसती बटणं दाबायची, बाकी यंत्र बोलतं," असं म्हणून ती जिना उतरून धावत सुटली. साहेबांनी 'अहो पण' एवढंच म्हटलं, ते तिला जिन्यात ऐकू आलं.

यंत्र बोलतं हे खरंच होतं. वाक्यं, आकडे, गावांची नावं, सगळं तिच्याच आवाजात तुकड्यातुकड्याने भरून ठेवलेलं. ती फक्त तुकडे जुळवून द्यायची. यंत्रात नसलेलं काही सांगायचं असलं तरच स्वतः बोलायची. हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. घरी तर नाहीच. नवरा आपल्या आईला मोठ्या कौतुकाने सांगायचा, 'तुझी सून दिवसभर बोलते, आणि अख्खा विमानतळ मुकाट ऐकतो, घरी माझी काय गत असेल बघ.'

बाहेर येण्याच्या दारापाशी चिटपाखरू नव्हतं. पहारेकरी भिंतीला टेकून शेंगदाणे खात होता.

"आत्ता विमान उतरलं ना? माणसं कुठायत?"

"कसलं विमान?" तो म्हणाला. "दुपारपासून इथे कावळासुद्धा उतरलेला नाही."

"फळ्यावर लिहिलंय, उतरले म्हणून!"

त्याने फळ्याकडे बघितलं, मग रिकाम्या दाराकडे, मग तिच्याकडे. "फळ्यावर उतरलं असेल," तो म्हणाला आणि पुढचा दाणा तोंडात टाकला.

तिने सासूबाईंना फोन लावला. पर्सच्या तळाशी तो किती वेळ वाजला कोण जाणे, शेवटी त्यांनी उचलला.

"आई, कुठे आहात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? तुझ्या विमानतळावर. समोर कॉफीचं दुकान आहे. निळ्या खुर्च्या आहेत. कुंडीत ते खोटं झाड आहे, त्याच्या शेजारी बसलेय."

"बसा तिथेच. आले."

कॉफीचं दुकान समोरच होतं. निळ्या खुर्च्या होत्या. कुंडीत खोटं झाडही होतं, आणि झाडाशेजारी राखाडी शाल गुंडाळलेली एक म्हातारी पाठमोरी बसली होती. आवाजबाईने वाकून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, चला घरी."

म्हातारी वळली. ती कोणी दुसरीच होती. "मी कोणाची आई नाही बाई," ती म्हणाली, "आणि आज इथली गर्दी बघून वाटतं, बरंच झालं."

मग आवाजबाईने दोन तास सगळा हॉल पालथा घातला. कॉफीची दुकानं तीन होती, खोटी झाडं तर पाच-सहा, आणि निळ्या खुर्च्यांना अंतच नव्हता. ती बायकांच्या स्वच्छतागृहात हाका मारून आली, औषधाच्या दुकानात डोकावली, प्रार्थनेच्या खोलीत डोकावली, तिथे दोन विक्रेते पत्ते खेळत होते. वर माळ्यावर छपराचा पत्रा धाडधाड वाजत होता आणि काचांवर पाऊस आडवा मारत होता. विमान उतरलं, पण विमान नाही. सासूबाई आहेत, पण सासूबाई नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तिने सगळ्या काखा तपासल्या होत्या.

पुन्हा फोन. या वेळी सासूबाईंचा सूर बदलला होता.

"काय चालवलंयस तू? मघापासून ऐकतेय मी. सगळ्या गावाला सांगतेस, सामान सांभाळा, मुलांना जवळ ठेवा. आणि मला भेटायला तुला चार पायऱ्या उतरवत नाहीत?"

"आई, मी खालीच आहे. तुम्हालाच शोधतेय."

"आता खोटंही बोलायला लागलीस? हे बघ, आत्तासुद्धा बोलतेयस! मला काय कान नाहीत?"

आवाजबाईने वर बघितलं. खरंच, हॉलमधल्या कर्ण्यांतून तिचाच आवाज बोलत होता. साहेब इमानेइतबारे बटणं दाबत होते. आता या बाईला कसं समजवायचं, आणि मुळात ही बाई आहे कुठे? "आई, तो मी नाही बोलत, ते यंत्र..." असं ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर उचलला नाही. पुन्हा लावला, तर दुसऱ्या कोणाशी बोलणं चालू.

कोणाशी, ते लगेच कळलं. नणंदेचा फोन आला.

"शाब्बास," नणंद म्हणाली. "दोन तास ती बिचारी खुर्चीवर बसून आहे. आणि तू वर आपल्या खोलीत मजेत. मी सांगत होते तिला."

"ताई, अहो मी इथे वेड्यासारखी धावतेय. आई सापडत नाहीयेत. तुम्हाला काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, परत येते. तिकीट काढलं तिने. तासाभरात विमान आहे म्हणे."

"कुठलं विमान? इथून एक चिमणीसुद्धा उडत नाहीये!"

"तिच्या हातात तिकीट आहे, ती काय खोटं सांगेल?" नणंद म्हणाली. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ दे. नसेल जमत, तर तसं सांगायचं होतंस. आईला उगीच एवढ्या लांब बोलवायचं नव्हतं."

आवाजबाईला भर हॉलमध्ये रडू फुटलं. रागाने फुटलं की भीतीने, तिचं तिलाच कळेना. न उडणाऱ्या विमानाचं तिकीट काढून, न उतरलेल्या विमानातून आलेली तिची सासू निघून चालली होती, आणि एकदा गेली की पुन्हा येणार नव्हती. सासूबाई एकच गोष्ट दोनदा करून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. ती दांडी, ती उशी, ती सगळी न झालेली बोलणी, सगळं जागच्या जागी राहणार होतं. कोणाला तरी गदागदा हलवून विचारावं, असं तिला वाटलं, पण विचारायचं काय तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात जवळच कुठेतरी वीज कडाडली. दिवे गेले, आले, पुन्हा गेले आणि निम्मेच आले. कर्ण्यांतून एक खरखर निघाली आणि ते गप्प झाले. इतका वेळ आवाजात बुडालेला हॉल एकदम शांत झाला. एक लहान मूल रडत होतं तेवढंच. तिने फोन लावला. का कोण जाणे, सासूबाईंनी या वेळी उचलला.

"आता काय?"

आवाजबाईने कान टवकारले. फोनमध्ये, सासूबाईंच्या मागे, तिचाच आवाज येत होता. हसरा, स्पष्ट, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा: 'गेट क्रमांक सत्तावीस...'

तिने डोक्यावरच्या कर्ण्याकडे बघितलं. तो मेला होता. आणि सत्तावीस नंबरचं गेट? त्यांच्या विमानतळाला गेटं होती नऊ.

एका क्षणात सगळं तिच्या ध्यानात आलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. तिचा आवाज भरून घेणाऱ्या कंपनीने तिच्याकडून शंभरपर्यंत आकडे म्हणवून घेतले होते, कधी न ऐकलेल्या गावांची नावं म्हणवून घेतली होती. कंपनीने तोच संच दुसऱ्या विमानतळालाही विकला होता, आणखी किती ठिकाणी विकला ते कंपनीलाच ठाऊक. वादळाने विमान तिकडे वळवलं. तिथे ते उतरलं. फळा खरं बोलत होता, पहारेकरी खरं बोलत होता, आणि सासूबाईही खरंच बोलत होत्या.

"आई," ती म्हणाली, "फोन ठेवू नका. तुम्हाला शपथ आहे. तुम्ही इथे नाही आहात. तुमचं विमान दुसऱ्या गावी उतरलंय. विमानात सांगितलं नाही का?"

"कानात कापूस होता माझ्या. कान दुखतात वर गेलं की."

"मग तिथे उतरल्यावर कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. तिघांनी सांगितलं," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "मी म्हटलं, मला शिकवू नका. ही माझी सून बोलतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला? मग गप्प बसले."

"तो माझा आत्ताचा आवाज नाही, आई. भरून ठेवलेला आहे. यंत्र वाजवतं. सहा-सात वर्षं झाली त्याला. मी तिथे नाहीच आहे, मी इथे तुम्हाला शोधत फिरतेय मघापासून."

फोन बंद झाला की काय म्हणून तिने तो कानापासून दूर धरून बघितला. चालू होता.

"सहा-सात वर्षं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तो होता तेव्हाचा?"

"हो."

"अगं मग आधी नाही का सांगायचंस!" सासूबाईंचा आवाज एकदम चिरकला. "तू आली नाहीस, त्याचा राग आला होता, नाही असं नाही. पण तेवढ्याने मी तिकीट काढलं नसतं. तुझं ते बोलणं ऐकत होते ना मी. लोकांची विमानं रद्द होतायत, पोरं रडतायत, आणि तू कशी हसत हसत बोलतेयस. दोन तास ऐकलं. म्हटलं, सावरली ही. चांगलं झालं. मग आपण कशाला तिच्या घरात त्याची आठवण घेऊन जाऊन बसायचं? तिला आता नको असेल ती."

आवाजबाई तिथेच, कुंडीच्या कडेवर, खाली बसली.

"आई, तो होता तिथे," ती म्हणाली. "आवाज भरत होते ना, तेव्हा काचेपलीकडे बसला होता. मला न्यायला आला होता. त्या लोकांनी सांगितलं होतं, गप्प बसायचं. तर गप्प बसून नुसते चेहरे करत होता. मी म्हटलं, विमान रद्द झालंय, की हा दोन्ही हात पसरून विमान होऊन पडायचा खुर्चीवरून. ते दिलगीर आहोतचं वाक्य चार वेळा घ्यावं लागलं. तो मशीनवाला चिडला. चौथ्या वेळीही हसू आलंच, मग म्हणाला, राहू द्या आता असंच."

"शाळेतसुद्धा असंच करायचा," सासूबाई म्हणाल्या. "प्रार्थनेला उभं करायचे, तर पुढच्या रांगेतली मुलं हसायची आणि मार त्यांनाच बसायचा. हा आपला साळसूद."

"मला सांगितलं नाही कधी त्याने."

"तो कशाला सांगेल?"

दोघीही हसल्या की रडल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि मग फोनमध्ये पलीकडच्या हॉलमधला तो आवाज पुन्हा सुरू झाला. वादळामुळे अमुक विमान रद्द करण्यात येत आहे. दोघी गप्प राहून ऐकू लागल्या. गैरसोयीबद्दल आम्ही, इथे आवाज किंचित डगमगला, ओठांत काहीतरी दाबून धरल्यासारखा, दिलगीर आहोत.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "दिसला."

तेवढ्यात त्याच आवाजाने, तितक्याच लाघवाने, सासूबाईंच्या परतीच्या विमानाचं नाव घेतलं. प्रवाशांसाठी ही शेवटची सूचना आहे.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "तूच बोलावतेयस मला, चल म्हणून."

"तिचं ऐकू नका!" आवाजबाई इतक्या जोरात ओरडली की हॉलमधली निम्मी माणसं वळून बघायला लागली. "आई, मी सांगतेय ते ऐका. विमानात बसू नका. मी येते तिकडे. रस्ता उघडला की बस मिळेल, ट्रक मिळेल, काय मिळेल त्याने येते. उशीर होईल, पण येते. तुम्ही तिथेच थांबा."

"अगं, मी कुठे जातेय आता?" सासूबाई म्हणाल्या. खुर्चीवर नीट मागे सरकून बसल्याचा, पर्स मांडीवर घेतल्याचा आवाज आला. "तू ये सावकाश. पाऊस कमी होऊ दे, घाई करू नकोस." मग हळूच, कोणी ऐकू नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "तोपर्यंत आणखी दोन-चार विमानं रद्द होतील ना गं?"